निघताना थोडं गार वाटलं पाहिजे

परत येऊन दहा दिवस झाले. भेटेल ती बाई मला एकच प्रश्न विचारते. घाट केवढा होता, पाय दुखले का, रस्त्यात एकटीला भीती नाही का वाटली, यातलं काही नाही. "अहो पाटीलबाई, अंगात काय घातलं होतं?"

प्रश्न बरोबर आहे. पलूस ते महाबळेश्वर, जानेवारी महिना, पाच दिवस आणि वाहन सायकल. यात अवघड चढ नव्हता, अवघड होते ते कपडे. प्रत्येकीला दारात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

माझं वय सदुसष्ट. प्राथमिक शाळेत शिकवायचे तेव्हापासून सायकलवर आहे. निवृत्त झाले तेव्हा महेशने, म्हणजे माझ्या मुलाने, गिअरची सायकल घेऊन दिली आणि गेल्या हिवाळ्यात त्यानेच ती काढून घ्यायचं ठरवलं. झालं असं की, भल्या सकाळी मी सागरेश्वरच्या चढावर गेले, घामाने निथळले, वर जाऊन वाऱ्यात बसले आणि एका ओळखीच्या बाईशी अर्धा तास गप्पा मारल्या. पाठ ओली, वारा गार, विषय रंगलेला. आठवड्याने न्यूमोनिया. महेश पुण्याहून आला, दवाखान्यात माझ्या खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, सायकल माळ्यावर." आमच्याकडे माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही. तिथे पाळणा आहे, पितळी बंब आहे, आमच्या ह्यांची बाजाची पेटी आहे.

मी वर्षभर त्याच्याशी भांडले. शेवटी तह झाला. यंदाच्या थंडीत पलूसहून महाबळेश्वरपर्यंत सायकलने जायचं. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताप नाही, खोकला नाही, तर सायकल खाली. साधा खोकला जरी आला तरी माळ्यावर आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. पंच म्हणून त्याने त्याच्या सासूबाईंना नेमलं. म्हणजे माझ्या विहीणबाई, वाईच्या कुमुदताई. रोज संध्याकाळी त्यांना फोनवर तोंड दाखवायचं आणि थर्मामीटरही दाखवायचा. शेवटच्या दिवशी, वाईपासून वरपर्यंत, त्या स्वतः बरोबर येणार.

पलूस

सकाळी सात. उसाच्या पट्ट्यातली थंडी ओली असते. पाटाच्या कडेने धुकं बसलेलं असतं आणि ते बाहीतून आत शिरतं. मी दारात तयार होऊन उभी होते. आतून सुनेचा जिमचा टीशर्ट, त्यावर बाह्यांचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट, कानटोपी, हातमोजे. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. गुडघे गेले, पण तपासणी करायची सवय गेली नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली.

"स्वेटर काढ."

"अहो, बाहेर बघा तरी! धुकं आहे."

"मला दिसतंय. काढ आनि पिशवीत घाल. निघताना थोडं गार वाटाय पायजे. दारात ऊब वाटली म्हंजे चढाला भिजलीस म्हनून समज. थंडीत मानूस थंडीनं आजारी पडत न्हाई, घामानं पडतो."

"आणि थांबल्यावर?"

"थांबल्या थांबल्या, बूड टेकायच्या आत, स्वेटर अंगात. चहा मागनं. टीशर्ट भिजला आसंल तर आधी तो बदल." मग पेपर घेऊन आले, त्याची मधली पानं काढली, चौघडी केली. "उताराला ही छातीवर, जाकिटाच्या आत. फौजेत आमी हेच करायचो. पेपरातनं वारं जात न्हाई."

"आजचा आहे हो. वाचायचा राहिलाय."

"उतार संपला की वाच."

या माणसाने मला हा सल्ला पहिल्यांदा दिला त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हाची हकिकत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी बावीस वर्षांची, नव्याने नोकरीला लागलेली, नव्याने लग्न झालेली आणि स्वतःवर बेहद्द खूश. आम्ही चार शिक्षिकांनी ठरवलं की, वाईत भाड्याच्या सायकली घ्यायच्या आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं. त्यासाठी मी खास स्वेटर विणला. जाळीचा. गुलाबी. त्यात लोकर कमी आणि भोकं जास्त होती, पण ती भोकं ओळीने बदामाच्या आकाराची पडली होती, आणि मला वाटायचं की थंडीला आकार कळतो. कानटोपी घालायची नाही, कारण अंबाड्यावर शेवंतीची वेणी. हे तेव्हा सरहद्दीवर होते. यांना पत्राने बेत कळवला, तर उलट टपाली उत्तर आलं, 'माझा ओव्हरकोट नेलास तर चढाला घालू नको. मागे बांध. वर गेल्यावर घाल.'

ते पत्र मी मैत्रिणीला दाखवून रडले. थंडीत बायकोला कोट घालू नको म्हणणारा नवरा! मग मी हट्टाने तो कोट घातला. खाली पाचवारी साडी, त्यावर बदामांचा स्वेटर, त्यावर सहा शेर वजनाचा मिलिटरी कोट, वर शेवंती. सायकलवर बसलेलं गाठोडंच. निम्म्या घाटात मी आतून इतकी भिजले की पाण्यातून काढल्यासारखी. तशीच रेटत वरच्या वळणांपर्यंत गेले, कठड्यावर बसले आणि कोट काढला. एक तर उकडत होतं, दुसरं म्हणजे मोटारीतली माणसं बघत होती आणि स्वेटर कुणीच पाहिलेला नव्हता. वाऱ्याने त्या सगळ्या बदामांतून एकदम प्रवेश केला. पाच मिनिटांत दात वाजायला लागले, दहा मिनिटांत हातात ब्रेक धरवेना. वरून येणाऱ्या दुधाच्या गाडीत मला आणि सायकलला घालून खाली आणलं. पाचगणी काही मी पाहिली नाही. घरी चार दिवस तापाने पडले आणि येईल त्याला सांगितलं, "वाईचं पाणी बाधलं."

हेच कारण मी पुढे चाळीस वर्षं सांगितलं. महेशचं लग्न ठरवायला वाईला गेलो तेव्हा बैठकीतसुद्धा सांगितलं. कुमुदताईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो माझ्यापुढे जरा जोरात ठेवला होता.

असो. मी स्वेटर काढून पिशवीत घातला आणि निघाले. पहिली दहा मिनिटं दंडावर काटा होता. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते आणि वरून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली पडत होतं. कुंडलचा रस्ता मागे टाकेपर्यंत अंग बेताचं गरम झालं आणि तसंच राहिलं. पंचेचाळीस वर्षांनी पत्राचा अर्थ लागला.

मायणी

विट्याच्या पुढे ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. सकाळी नऊला जाकीट गेलं, दहाला हातमोजे, अकराला कानटोपी. दुपारी ऊन असं की जानेवारी आहे हे पटू नये. थंडीतल्या सायकलची ही गंमत बायकांनी लक्षात ठेवावी. कपडे जितके घालण्याचे, तितकेच ते काढून ठेवण्याचे. म्हणून मागे जागा हवी. मी दोन पिशव्या लावल्या होत्या. एका पिशवीत कोरडं, एका पिशवीत ओलं. या दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही.

मायणीच्या तळ्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर थांबले. स्वेटर दमट वाटला म्हणून कॅरिअरवर उन्हात पसरला. शेजारी जाकीट, त्यावर हातमोजे, कानटोपी हँडलला. बाकड्यावर बसून छातीवरचा पेपर वाचत होते. तेवढ्यात बाजाराला निघालेल्या दोघी बायका थांबल्या. एकीने स्वेटर उचलला, ताणून बघितला, आतून शिवण तपासली.

"मावशी, ह्यो कसा दिला?"

"विकायचा नाही गं तो. माझा आहे."

"मग पसरलाय कशाला?" ती माझ्यावरच रागावली. दुसरी तिला म्हणाली, "चल गं. म्हातारी भाव वाढवाय लागलीया."

तळ्यात पाणी बरं होतं. लांब कडेला पांढरट पक्ष्यांची ओळ एका पायावर उभी होती. त्यांचं एक बरं असतं, सगळे कपडे अंगावरच आणि ओले होत नाहीत.

संध्याकाळी ओळखीच्या शिक्षकांच्या घरी मुक्काम. विहीणबाईंना फोन लावला. आधी थर्मामीटर दाखवला.

"जवळ धरा. अजून जवळ. हं. आता जोरात श्वास घ्या. आता 'आ' करा."

"विहीणबाई, तुम्ही बँकेत होतात ना?"

"बँकेतही सही नीट बघूनच पैसे द्यायचे मी. आ करा."

दहिवडी

माण तालुक्यातली थंडी कोरडी. धुकं नाही, दव नाही, आकाश नुसतं घासून ठेवलेलं. हवेला झाडांची आडकाठी नसल्यामुळे वारा सुटला की थेट अंगावर. दुसऱ्या दिवशीचा पल्ला लहान होता, पण समोरून वारा होता. मी उताराला बोटं वाकवू शकत नव्हते. हातमोजे लोकरीचे, म्हणजे पुन्हा भोकंच. शहाणपण येतं ते एकदम सगळं येत नाही.

दहिवडीच्या बाहेर हिराबाईंच्या वस्तीवर उतरले. हिराबाई माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका बाईंची थोरली बहीण, वय ऐंशीच्या आसपास. दोन्ही मुलं मुंबईला, घरी सून आणि मेंढरं. चुलीवर बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, गरम दूध. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात. इथे आधी चुलीपुढे बसवलं आणि पाणी नंतर दिलं, तेही कोमट. दुष्काळी गावात पाणी गरम करून देतात याचं मला नवल वाटलं. हिराबाई म्हणाल्या, "गार पानी दिलं तर मानूस तांब्याभर पितंय. कोमट आर्ध्यात भागतंय." मला आधी त्यांनी थंडीची काळजी केलीय असं वाटलं होतं.

मी त्यांच्याकडे मुद्दाम गेले होते. त्यांच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी शेजारच्या विणकराकडून करून आणतात. माझा बेत असा की, एक लहान घोंगडं घ्यायचं, कापायचं, त्याला गळा पाडायचा आणि जाकिटाच्या आत घालायला बंडी शिवायची. मी तर कात्रीही बरोबर आणली होती.

हिराबाईंनी कात्री बघितली आणि घोंगडं माझ्या हातातून काढून मांडीवर घेतलं.

"बाई, घोंगडं कापत न्हाईत."

"मी पैसे देतेय की पुरते."

"दे की. पर कापायचं न्हाई. आमच्यात घोंगड्याला कातर लावत न्हाईत. लेकरू जलमलं तर ह्यावर, सोयरीक ठरली तर ह्यावर बसून. मानूस गेलं तर ह्यावर. त्याला गळा पाडतीस व्हय गं? शिकलेली तू!"

"मग सायकलवर कसं घालू? पाय हलवायचे असतात मला."

"सायकलीवर घालाय सांगितलंय कुनी? आमी मेंढरामागं चालताना घालतो का? चालताना खांद्यावर. थांबलो की डोक्यावर." त्या उठल्या, घोंगड्याचं एक टोक दुमडलं, कोपऱ्याची टोपीसारखी खोळ केली आणि माझ्या डोक्यावरून पाठीवर सोडली. दोन्ही हात मोकळे, कान झाकलेले, पाठ झाकलेली, गुडघ्यापर्यंत ऊब. मेंढपाळांच्या डोक्यावर ही खोळ मी लहानपणापासून बघितली होती, पण ती बांधतात कशी हे कधी विचारलं नव्हतं. "आनि कापलं आसतंस तर तुझ्या एकटीच्या मापाचं झालं आसतं. आसं दोघींना हुतंय."

सुभेदार आणि हिराबाई एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. पण एकाने पत्रात लिहिलं आणि दुसरीने खांद्यावर ठेवून दाखवलं ते एकच. चालताना हलकं, थांबल्यावर जड.

घोंगडं मी अख्खंच विकत घेतलं आणि कॅरिअरवर बांधलं. निघताना त्यांनी माझे हातमोजेही बघितले, बोट आरपार घालून दाखवलं आणि हसल्या. सुनेने दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या धुवून दिल्या. मोज्यांवरून त्या चढवल्या. साताऱ्यापर्यंत माझे दोन्ही हात फुल क्रीम होते, पण गार पडले नाहीत.

सातारा आणि वाई

पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला पोचले त्याचं फार सांगत नाही. मोठा रस्ता, मोठ्या गाड्या. लॉजवरच्या व्यवस्थापकाने नोंदवहीत 'वाहन' या रकान्यापाशी पेन थांबवलं आणि मला सायकलचा नंबर विचारला. मी कंदी पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे धरला, त्याने रकाना मोकळा सोडला. थर्मामीटर नॉर्मल.

चौथ्या दिवशी दुपारी वाईत. कुमुदताई दारातच उभ्या. त्यांचं घर असं की, चप्पल एका सरळ रेषेत काढावी लागते. माझ्या सायकलला फडकं मारूनच त्यांनी ती आत घेतली. मग त्यांच्या मुलाने दिलेली बॅटरीची सायकल दाखवली.

"तीन नंबरवर टाकली की आपोआप चढते. पायडल नुसतं धरून बसायचं."

"आणि बॅटरी संपली तर?"

"संपत नाही." बँकेतल्या बाईंनी 'नाही' म्हटलं की विषय मिटतो.

मग कपडे दाखवले. फुगीर जाकीट, त्याच्या आत जाड स्वेटर, आत उबदार बनियन, वर शाल. मी म्हटलं, "हे सगळं निघतानाच घालणार?"

"मग काय पिशवीला घालू? पिशवीला थंडी वाजते का?"

"घाम येईल विहीणबाई."

"मी पायडल मारणार नाही तर घाम कसा येईल? तुम्ही तुमचं बघा. उद्या संध्याकाळी आणि परवा सकाळी, दोनदा तपासणी आहे." मग तांब्या पुढे ठेवून म्हणाल्या, "आणि पाणी उकळून दिलंय हो. मागच्यासारखं बाधायला नको."

मी तांब्या संपवला.

घाट

सकाळी साडेसातला निघालो. वाई मागे खाली राहिली, कृष्णेवर धुराचा पट्टा, पलीकडे धोमचं पाणी. पहिल्या वळणांना कुमुदताई माझ्या पुढे होत्या, सरळ पाठीने, खुर्चीवर बसून चालल्यासारख्या. मी सगळ्यात हलका गिअर लावून मागून. अंगात फक्त टीशर्ट आणि वरून उघडं जाकीट. मोटारींतली माणसं खिडकी खाली करून फोटो घेत होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी यासाठीच कोट काढला होता. आता कुणी बघतंय याचं काही वाटत नव्हतं, फक्त त्यांनी हॉर्न वाजवू नये.

निम्मा घाट झाला आणि पुढे बघते तर विहीणबाई खाली उतरून सायकल ढकलतायत. सगळा चढ तीन नंबरवर. बॅटरी संपली होती. ती सायकल ढकलणं म्हणजे म्हैस ढकलणं. मी म्हटलं, "जाकीट काढा, शाल काढा, मग ढकला." त्या म्हणाल्या, "थंडी आहे." मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण माझ्या बावीस वर्षांच्या मला कुणी दहादा सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

घाटमाथ्याच्या दोन वळणं अलीकडे कठडा रुंद आहे. तिथे त्या बसल्या. तोंड लाल, कपाळावरून धार. म्हणाल्या, "उकडतंय बाई," आणि शाल, जाकीट, स्वेटर, एकापाठोपाठ एक काढून शेजारी ठेवले. मी ओरडेपर्यंत वारा आला होता. आतलं बनियन पिळण्याइतकं ओलं. त्या हसत होत्या. हसता हसता हनुवटी थरथरायला लागली, मग बोटं. "अहो, मला... ब्रेक धरता..." पुढचं वाक्य दातांत अडकलं.

तो कठडा तोच होता का, सांगता येत नाही. कठडे सगळे सारखेच दिसतात.

आता अडचण माझी होती. चढाने माझाही टीशर्ट पाठीला चिकटला होता. माथ्यावर पोचून बदलायचा म्हणून कोरड्या पिशवीत दुसरा ठेवला होता. एकच. आणि कोरडा स्वेटर, तोही एकच. ते दोन्ही मी घातले तर खोकला नाही, सायकल खाली. त्यांना दिले तर उरलेला रस्ता ओल्या अंगाने, वाऱ्यात, पठारावरून. गेल्या वर्षीचा दवाखाना आठवला. माळ्यावरचा पाळणाही आठवला.

खरं सांगते, मी थोडा वेळ विचार केला. फार नाही, पण केला.

मग पिशवीतला कोरडा टीशर्ट बाहेर काढला. "घ्या. तुमच्याच लेकीचा आहे."

"नको. तुमचा... कोरडा तोच आहे ना? मग सायकल..."

"पंचांनी खेळाडूशी बोलायचं नसतं. वळा तिकडे."

हिराबाईंच्या घोंगड्याचा आडोसा धरून मी त्यांचं बनियन उतरवलं, पाठ टॉवेलने खसाखसा पुसली, टीशर्ट चढवला, वर माझा कोरडा स्वेटर. मग माझ्या स्वतःच्या पाठीशी, ओला टीशर्ट आणि अंग यांच्या मध्ये, पेपरची घडी सरकवली. पुढेही एक. शेवटी खोळ न करता ते अख्खं घोंगडं आडवं उलगडलं आणि दोघींच्या पाठीवरून ओढून घेतलं. दोघींना झालं. बंडी शिवली असती तर एकीला झालं असतं.

तशाच बसलो. घोंगड्याला मेंढरांचा वास येत होता. कुमुदताईंच्या घरात असा वास येऊ शकत नाही. पण त्या नाक आत खुपसून बसल्या होत्या. थरथर थांबायला पंधरा-वीस मिनिटं गेली.

मग म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा इथेच थांबला होतात का? दुधाच्या गाडीत घातलं तेव्हा?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुभेदारांनी. लग्नाच्या बैठकीतच. तुम्ही पाण्याचं सांगितलंत ना, त्यानंतर पाच मिनिटांनी, ओसरीवर." त्या हसल्या आणि थोड्या खोकल्या. "मी तेव्हापासून वाट बघतेय, तुम्ही कधी कबूल करता त्याची."

तेरा वर्षं! बाईंनी तेरा वर्षं तांब्या आपटला, पण बोलल्या नाहीत.

महाबळेश्वर

पाचगणीत एका हॉटेलात बॅटरी लावली, तिथे चहा आणि कणीस. मी चुलीकडे पाठ करून बसले आणि पेपर बदलला. जुन्याची शाई टीशर्टवर उमटली होती, पाठीवर उलट्या अक्षरांत उसाचा दर. पुढचा रस्ता झाडीतला, मधूनमधून सावलीत एकदम गार. डाव्या हाताला स्ट्रॉबेरीची शेतं, प्लास्टिकवर ओळीने झोपलेली रोपं. तिथल्या एका बाईने मूठभर फळं दिली आणि म्हणाली, "सकाळची खाऊ नका, दात शिवशिवतील. ही उन्हात ठेवलेली हायत."

तीनच्या सुमारास पोचलो. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं वाटेल. वाटलं एवढंच की आता कोरडं घालावं. लॉजवर गरम पाणी मिळालं, विहीणबाईंची शाल आणि फुगीर जाकीट मिळालं. संध्याकाळी घशात किंचित खवखवलं. मी कुणाला सांगितलं नाही. हळद घालून दूध प्यायले, पायात मोजे घातले, घोंगडं पांघरलं आणि पडले. सायकल खोलीच्या खिडकीतून दिसत होती. तिच्याकडे बघायचं टाळलं.

सकाळी उठल्या उठल्या गिळून बघितलं. घसा साफ. मोठा श्वास घेऊन बघितला. काही नाही. थर्मामीटर नॉर्मल. कुमुदताईंनी महेशला फोन लावला आणि कॅमेरा थर्मामीटरवर धरला. त्यामुळे त्याला आम्ही दोघी दिसत नव्हतो, फक्त पारा दिसत होता आणि आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. चांगली लांब, खोलातून.

"झालं!" महेश तिकडून म्हणाला. "आई, ऐकलं मी. आता एक शब्द बोलू नकोस. सायकल माळ्यावर."

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण खोकला माझा नव्हता. बोलायचं कुणी, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. कुमुदताई फोन हातात धरून उभ्या होत्या, अंगात अजून माझा स्वेटर. दोन दिवसांपूर्वी पिशवीला थंडी वाजते का, असं विचारलेलं त्यांना आठवत असावं. मला तर आठवतच होतं.

"जावईबापू," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हा खोकला माझा आहे. तुमच्या आईला काहीही झालेलं नाही. पंच म्हणून सांगते, सायकल खालीच राहील."

"तुमचा? अहो, पण तुम्ही तर केवढे कपडे घेतले होते! तुम्हाला कसा काय झाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"काही नाही हो," वाईत जन्मलेली, वाईत वाढलेली, वाईतच दिलेली ती बाई म्हणाली, "जरा वाईचं पाणी बाधलं."